खिम्याचे दोन गोळे

हार्मने घंटा दाबली ती सोडलीच नाही. पावणेसहा वाजले होते. या देशात आईकडे जायचं तरी आठवडाभर आधी विचारून जातात, आणि जेवणाच्या वेळेला तर पूर आला तरी शेजाऱ्याचं दार वाजवत नाहीत. हार्म बूलेन्स न विचारता आला होता, आणि जेवणाच्या वेळेलाच आला होता. राग किती होता, ते यावरून समजावं.

दार सीत्से हायमाने उघडलं. तेहेतीस वर्षांनी दोघे समोरासमोर आले. सीत्सेचा उजवा पाय अजूनही जरा मागून येत होता.

"तू?" सीत्से म्हणाला. "उरलेला पाय न्यायला आलास काय?"

हार्म त्याला खांद्याने बाजूला सारून आत शिरला. फुटबॉलचे चौदा हंगाम, चारशे अकरा सामने, बचावफळीत त्याने दुसरं काय केलं होतं? टेबलावर बटाटे, फरसबी आणि एका बशीत खिम्याचे दोन गोळे होते. माणसं दोन, गोळे दोन. सीत्सेच्या बायकोने, बाउक्येने, पाहुण्याकडे पाहिलं आणि सवयीने बशीवर झाकण ठेवलं.

हार्मने काखेतला बिस्किटांचा डबा टेबलावर पालथा केला. तेहेतीस शुभेच्छापत्रं फरसबीत पडली.

"दर नऊ मार्चला एक! माझ्या वाढदिवसाला! वर गाईचं नाहीतर होडीचं चित्र, आत एकच शब्द, 'अभिनंदन'. खाली सही नाही. शिक्का तुमच्या लेवार्डनचा. कसलं अभिनंदन रे? तुझा पाय मोडल्याचं?"

"ओरडू नकोस. शेजारी जेवताहेत."

"जेवू देत! चारशे दहा सामने कुणाला आठवत नाहीत. आठवतो तो एक चिखल आणि तुझा पाय. खाटीक म्हणतात मला. दुकानात म्हणतात, न्हाव्याकडे म्हणतात."

ते सगळं त्याने गिळलं होतं. गेल्या आठवड्याचं मात्र गिळवेना. ड्रेंथमधल्या त्याच्या गावच्या क्लबाने मुलांच्या मैदानाला हार्मचं नाव द्यायचं ठरवलं होतं. पाटीसुद्धा रंगवून झाली होती. मग पत्र आलं: काही पालकांच्या भावना लक्षात घेऊन तूर्त विचार स्थगित. त्याच टपालाने तेहेतिसावं कार्ड आलं. त्यावर बदक होतं.

"लिहून दे," हार्मने खिशातून कागद काढला. "'हार्म आधी चेंडूला लागला, मग पायाला.' एवढंच. खाली सही कर. नेऊन फेकतो त्या समितीच्या तोंडावर."

"आधी पाय."

"आधी चेंडू!"

"आधी पाय! आणि कार्डं मी पाठवली? तुझ्यासाठी मी तिकिटाला थुंकीसुद्धा लावणार नाही! रविवारी तू मला आडवा केलास, मंगळवारी माझं विमान होतं. इटलीचा करार झाला होता. एकट्याचं तिकीट काढलं होतं मी, सुटलो असतो या बटाट्यांतून! त्याऐवजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरचे आकडे लिहिले जन्मभर. रोज साडेपाचला घरी. रोज!"

बाउक्ये बटाटे कुस्करत होती. ते कधीच कुस्करून झाले होते. ती पुन्हा कुस्करू लागली.

बासष्टाव्या वर्षी माणूस राग आवरू शकतो, लघवी नाही.

"संडास कुठाय?" हार्मने ओरडूनच विचारलं.

"डावीकडे!" सीत्सेही ओरडला.

आत, दाराच्या मागे, घरोघरी टांगतात तेच वाढदिवसांचं कॅलेंडर होतं. त्याला वार नसतात, वर्ष नसतं. फक्त तारखा, आणि आपल्या माणसांची नावं. मार्चचं पान वर होतं. नऊ तारखेसमोर लिहिलं होतं, 'हार्म'.

नुसतं हार्म. उत्तरेत दर दुसऱ्या घरात एक हार्म असतो. सीत्सेला हा बायकोचा कुणी मावसभाऊ वाटला असणार. पण ती गोल, उजवीकडे कललेली अक्षरं या हार्मने तेहेतीस वेळा पाहिली होती. त्याचा हात आपोआप पुढची पानं उलटत नोव्हेंबरवर गेला. तीन तारीख, त्या सामन्याची. वर कुणी आत्या, खाली कुणी पुतण्या, आणि मधे त्याच अक्षरात: 'सीत्से घरी राहिला. १९९१.'

सीत्से रोज या पानांसमोर बसत आला होता. पण बायकोने लिहिलेलं नवरे वाचतात कुठे?

हार्मने पान परत मार्चवर आणलं. अख्ख्या देशात त्याचा एक चाहता निघाला होता, आणि तोही चेंडूसाठी नव्हे, पायासाठी. आता चिडायचं तरी कुणावर, ते त्याला ठरवता येईना.

तो बाहेर आला तेव्हा टेबलावर तिसरं ताट मांडलेलं होतं. कार्डं पुन्हा डब्यात गेली होती, नीट रचून.

"हा जेवणार?" सीत्से म्हणाला. "गोळे दोनच आहेत, बाउक्ये!"

बाउक्येने सुरी घेतली आणि एका गोळ्याचे दोन तुकडे केले. सीत्सेच्या.

"मोहरी घेता ना तुम्ही?" तिने मान वर न करता हार्मला विचारलं. तिचे कान लाल झाले होते.

"माझा गोळा याला? याने पाय खाल्ला माझा! विचार ना त्याला, आधी काय लागलं? विचार!"

हार्म बसला. समोरचा कोरा कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला. मग बाउक्येकडे पाहिलं.

"आधी पाय," तो म्हणाला. "चेंडूला मी लागलोच नव्हतो."

सीत्सेचा काटा हवेतच राहिला. बाउक्येने सीत्सेचा उरलेला अर्धा गोळाही उचलला आणि हार्मच्या ताटात ठेवला.