वाजलं असंल ना

स्क्रीन काळी झाली आणि बायजा ओरडली.

"बुडाली गं! गेली!"

"नाही काकी, स्क्रीन झोपलीय फक्त." रिद्धीनं माऊस हलवला. नकाशा परत उजळला. निळ्या पाण्यावर हिरवे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक बोट. "ही बघा जयलक्ष्मी. आहे तिथंच आहे."

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच्या बर्फाच्या कारखान्यातलं ते ऑफिस. बोटी इथूनच बर्फ भरून समुद्रात जायच्या. मालक गंगारामशेठनं बोटवाल्यांना सोबत घेऊन यंदा बोटींवर यंत्रं बसवली होती. बोट कुठं आहे ते या कॉम्प्युटरवर दिसायचं. काही अडचण आली तर तांडेलानं, म्हणजे बोटीच्या म्होरक्यानं, यंत्रावरचं बटण दाबायचं, की इथं टिणटिण वाजायचं. कॉम्प्युटर रिद्धीच्या ताब्यात असे. कारखान्याची बिलंही ती त्यावरच करायची.

सकाळी अवेळी वारा सुटला होता. बाकीच्या बोटी अर्ध्यातून फिरून बंदराला लागल्या. दुपार झाली तरी जयलक्ष्मी आली नव्हती. तिच्यावर बायजाचा नवरा श्रीपत तांडेल होता आणि मुलगा अनुज होता. दोघांचेही फोन लागत नव्हते.

स्क्रीन पुन्हा काळी झाली. बायजानं रिद्धीचं मनगट घट्ट धरलं.

"त्याचं झोपनं बंद कर, पोरी. दर टायमाला माजा जीव जातो."

रिद्धीनं सेटिंग उघडलं. स्क्रीन किती वेळानं बंद व्हावी, त्या रकान्यात तिनं 'कधीच नाही' निवडलं.

"आता नाही होणार काळी."

"आनि मोठं कर जरा. मला वाचता येत नाय, पन ठिपका तरी दिसंल."

रिद्धीनं आकार वाढवला. आधी दीडपट, मग दुप्पट. ठिपके वाटाण्याएवढे झाले. प्रत्येक ठिपक्याखाली मुंगीसारख्या अक्षरांची एक ओळ असायची, ती कधी कुणी वाचत नसे. आता ती ठळक झाली. यंत्राकडून शेवटची खबर कधी आली, त्याची ती वेळ होती. बंदरातल्या बोटींखाली आत्ताची वेळ होती. जयलक्ष्मीखाली सकाळची.

ठिपका हलत नव्हता, कारण तो ठिपकाच सकाळचा होता.

"काय झालं गं?"

"काही नाही काकी. बघते."

पण मग वाजलं कसं नाही? आणि तिला आठवलं. तो कॉम्प्युटर एकसारखा वाजायचा. बॅटरी उतरली की टिण, बोट हद्दीबाहेर गेली की टिण. परवा शेठ फोनवर बोलता बोलता वैतागले होते, "रिद्धी, ती कटकट बंद कर आधी." तिनं नोटिफिकेशनच बंद करून टाकलं होतं. परत सुरू करायचं राहूनच गेलं.

तिनं नोटिफिकेशन सुरू केलं आणि न बघितलेले संदेश उघडले. कोपऱ्यात एकाखाली एक पट्ट्या आल्या. सगळ्या पांढऱ्या, एकच लाल. जयलक्ष्मी, मदत हवी. खाली वेळ तीच, सकाळची.

गंगारामशेठ मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वाचलं. वाकून तिच्या कानाशी पुटपुटले, "आत्ताच आलंय म्हण."

रिद्धी तसं म्हणाली नाही. खरं काय तेही म्हणाली नाही. "काकी, मदत मागतायत," एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि तिनं फोन उचलला. कोस्ट गार्डला कळवलं. शेठ बंदराकडे धावत सुटले. त्या वाऱ्यातही दोन बोटी बाहेर पडल्या.

बायजा खुर्चीवरून हलली नाही. स्क्रीनकडं टक लावून बसली. स्क्रीन आता काळी होत नव्हती आणि ठिपका जिथल्या तिथं होता. एकदा तरी ती काळी व्हावी असं रिद्धीला वाटायला लागलं.

उन्हं कलल्यावर किनाऱ्यावर ओरडा उठला. बोटींनी जयलक्ष्मीला दोरानं ओढत आणलं होतं. फळी फुटलेली, इंजिन बंद, अर्धी पाण्यात. माणसं सगळी जिवंत होती. बायजा पळत गेली आणि अनुजचं तोंड चाचपत ओल्या वाळूतच बसली.

श्रीपत सरळ ऑफिसात आला. अंगावरून पाणी निथळत होतं. शेठनं त्याच्या हातात चहाचा ग्लास दिला. तो रिद्धीकडं बघून हसला.

"वाजलं असंल ना जोरात? बटन दाबलं न् लगेच यंत्रात पानी गेलं. पोरं रडाया लागली. मी म्हटलं, गप ऱ्हावा, पानी उपसा. तिकडं रिद्धीनं ऐकलंय. निघाली असतील मानसं. दिसभर हेच सांगत होतो त्यांना."

शेठ खिडकीबाहेर बघू लागले.

"काका," रिद्धी म्हणाली. "नाही वाजलं. मी आवाज बंद केला होता. आम्हाला दुपारी कळलं."

श्रीपत तिच्याकडं बघत राहिला. रागावला नाही. दिवसभर समुद्रात पाणी उपसणाऱ्या त्याच्या हातातला ग्लास हळूहळू तिरका झाला. गरम चहा बोटांवरून सांडत होता आणि ग्लास खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.