आधारवड

दिवेआगरच्या आश्लेषाला एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष करायचं होतं, पण आईनं सुपारी सोलून साठवलेले पैसे पहिल्या वर्षातच संपले होते. आश्लेषानं दाताच्या कण्या केल्या, तरी सख्खे विश्वंभरकाका खेकसलेच, "समाजसेवा शिकायला कसली गो फी? मी काय शिकून समाजसेवक झालो?"

पुढच्याच आठवड्यात काकांच्या वाढदिवसाचा बॅनर नाक्यावर झळकला. त्यावर, तिला न विचारता, तिचाही फोटो होता: 'पुतणीच्या उच्च शिक्षणाचा संपूर्ण खर्च उचलणारे आधारवड!' संध्याकाळी भरल्या मांडवात आभार मानायला तिलाच स्टेजवर ढकललं.

तिनं माइक घट्ट धरला. "फीची मुदत उद्या संपतेय. काकांचं चेकबुक आणायला काकू घरी गेलीय. ती येईपर्यंत कुणीही टाळ्या थांबवू नका."