उ. शी. र. वॉच कंपनी

पेंटरने जुनी पाटी उतरवून दुकानासमोर दोन स्टुलांवर आडवी ठेवली आणि ओल्या फडक्याने पुसली. उ. शी. र. वॉच कंपनी.

"अक्षर काय सुरेख आहे! हाताचं काम. आता असं कोण काढतं?" मग त्याने सलग वाचलं आणि त्याला हसू फुटलं. "उशीर? आणि घड्याळाच्या दुकानाला? नाव ठेवणाऱ्याला नमस्कार!"

"बाबांनी ठेवलं," थोरला भाऊ म्हणाला. "आम्हा तिघा भावंडांची पहिली अक्षरं. जन्माच्या क्रमाने लावली, आणि वाचून बघायचं राहिलं. परवा कुणीतरी फोटो काढून गावभर फिरवला. 'इथे घड्याळ घ्या, उशीर झाला की साहेबांना पाटी दाखवा.' आता बास झालं."

"तीस वर्षं हसतायत लोक," आतून बहीण म्हणाली. "पण हसत हसत आत येतात ना, दादा! समोरचं 'अचूक' नावाचं दुकान कधीच बंद पडलं."

डोळ्याला भिंग लावून ती एका उघड्या घड्याळावर वाकली होती. भावंडांत ती मधली. वडिलांच्या शेजारी बसून दुरुस्ती शिकली ती तेवढी एकटीच. थोरला काउंटरवर उभा असायचा, धाकटा पेपर वाचायचा. आई दाराशी खुर्चीत बसलेली.

पेंटरने खिशातून खडू काढला. "एवढंच ना? मग मधलं अक्षर शेवटी नेऊ." पाटीच्या कडेला त्याने लिहिलं, उ. र. शी. "बघा. आता हसायला जागाच नाही. आणि कुणाचं काही गेलंही नाही."

बहिणीने मान वर करून वाचलं. "वा, पेंटर! मला शेपटाला बांधलंत. चालेल."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने पेपरात डोकं खुपसलं.

"मग घेऊ लिहायला?" पेंटरने विचारलं.

"शेवटचं नको," थोरला म्हणाला. "नुसतं उ. र."

"अहो, पण आता कोण हसणार आहे?"

"सांगितलंय तेवढं लिहा."

पेंटर खडू धरून तसाच उभा राहिला. बहिणीने डोळ्यावरचं भिंग काढलं.

"म्हणजे प्रश्न हसण्याचा नव्हताच."

"असं तोंड पाडू नकोस गं. दुकान आम्हा दोघांच्या नावावर झालंय, म्हणून पाटीही दोघांची. तुला जा कोण म्हणतंय? दुरुस्ती तूच करायचीस. तुझ्यावाचून चालणार आहे का इथलं?"

"नावावर झालं? कधी?"

वडिलांच्या मागे दुकान आईच्या नावावर होतं. तिच्या सहीशिवाय ते कुणाचंच होऊ शकत नव्हतं.

"आई?"

आईने चष्मा काढून पुसायला घेतला आणि पुसून झाला तरी पुसतच राहिली. "पाटीवर नसलीस म्हणून काय झालं? घरातली तर आहेसच ना."

बहीण उठली. तिने चिमटा आणि भिंग टेबलावर ठेवलं, पर्स खांद्याला अडकवली. पांढऱ्या कापडावर घड्याळाची चाकं, स्प्रिंग आणि तिळाहून बारीक स्क्रू तसेच मांडलेले होते.

"याचं गिऱ्हाईक चारला येईल," ती म्हणाली. "मालकांनी जोडून द्यावं."

पायरी उतरून, पाटीला वळसा घालून ती निघून गेली.

"नाटकं नुसती," थोरला पुटपुटला. तो टेबलाशी गेला. "एवढं काय आहे त्यात!" त्याने चिमटा उचलला.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "आपल्यातल्या कुणालाच ते येत नाही."