मोजणं व्हाचं हाये

बेडकाच्या मेंदूतली पेशी विजेचा ठोका देते, तो कागदाच्या लांबलचक पट्टीवर टोकदार रेघ होऊन उमटतो, आणि अशा रेघा पेन्सिलीने मोजत बसायचं, हे सुजाताचं नागपुरातलं संशोधन. सुट्टीत चिमूरला आली की पट्ट्यांची भेंडोळीही तिच्यासोबत यायची. सोमाजीमामा दर खेपेला एखादं स्थळ घेऊन हजर, आणि सुजाताची आई बायनाबाई त्याला अंगणातूनच वाटेला लावायची, "पोरीचं मोजणं व्हाचं हाये, भाऊ."

त्या उन्हाळ्यात सुजाता हरखूनच घरी आली. "माय, कॉलेजात कम्प्युटर आला. मी त्याले शिकवलं, आता तोच मोजते. महिन्याचं काम चहा उकळेपर्यंत उरकते."

मामा ओसरीवर बसलाय, हे तिला बोलून झाल्यावर दिसलं.

"बेस झालं," मामाने कप खाली ठेवला. "म्हणजे पोरगी मोकळी झाली. रविवारी पाव्हणे घेऊन येतो."

सुजाताने जीभ चावली. संशोधन अर्ध्यावर होतं, आणि लग्न ठरलं की नागपूर सुटणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने आईकडे पाहिलं. बायनाबाई सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती.



तिने एक खडा अंगणात भिरकावला. "गिरणीतून आलेले तांदूळ आपण तसेच शिजवतो का, भाऊ? मशीनचं मोजलेलं निवडाचं हाये अजून."