पेढ्यांचा डबा

मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरून दोन महिने झाले नाहीत तोच वासंतीताईंची पाठ पुन्हा ठणकायला लागली, रोज संध्याकाळी ताप यायला लागला. तपासणीत निघाला मणक्याचा टीबी. पण लेकीसाठी, तनयासाठी, स्थळं बघणं चालू होतं. टीबीचं नाव ऐकल्यावर कोण दारात उभं राहिलं असतं? म्हणून लक्ष्मीबाई नगरात जो विचारेल त्याला त्या सांगत सुटल्या, "डॉक्टरनेच घोळ घातला हो. सिमेंट नीट भरलंच नाही."

वर्षभराने औषधं संपली, तनयाचं लग्नही ठरलं. पेढे घेऊन त्या खालच्या मजल्यावर पार्वतीवहिनींकडे गेल्या, तर वहिनी अंथरुणात. बाथरूममध्ये घसरून त्यांचाही मणका मोडला होता.

"ह्यांनी तुमच्याच डॉक्टरकडे ऑपरेशनची तारीख घेतली होती," कूस बदलताना कळवळत वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, बिल्कुल नाही! वासंतीताईंचं काय झालं ते बघितलंय ना? दीड महिना झाला अशीच पडून आहे, पण तुमच्यामुळे वाचले हो."

वासंतीताईंनी मान खाली घालून डबा पुढे केला.

"अर्धा रिकामा? आमच्याआधी कोणाचं तोंड गोड केलंत?" वहिनी हसल्या.

टीबी वेळेत ओळखून आपल्याला पायांवर उभं करणाऱ्या त्याच डॉक्टरांना वासंतीताई सकाळी पेढे देऊन आल्या होत्या.

 

"देवापुढे ठेवले," त्या म्हणाल्या.