जास्तीची फरशी

“तू नाहीस, तर मग कोण? माझी मांजर?” स्नेझिनाने विचारलं.

राडोय मान खाली घालून बसला. प्लोव्दिव विद्यापीठाच्या गणित विभागातल्या चहाच्या खोलीत तिने तिघा सहकाऱ्यांना बोलावून घेतलं होतं: राडोय, त्सोंका आणि म्हातारे कोस्टाकाका. तिचा नवरा ल्युबेनही बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पेस्ट्रीचा, डबा घेऊन आला होता.

“उपाशीपोटी भांडू नका,” तो म्हणाला आणि सुरीने बानित्सा कापायला लागला.

सकाळीच फोन आला होता. स्नेझिनाची सात वर्षांच्या मेहनतीची सिद्धता राजधानी सोफियातल्या एका संस्थेच्या प्रमुखाने, श्तेरेव्हने, एका नियतकालिकात आपल्या नावावर छापली होती. कडा रंगवलेल्या एका खास जातीच्या फरशांनी न संपणारी जमीन भरता येईल का, हे दरवेळी अचूक सांगणारी यांत्रिक रीत असूच शकत नाही, असं तिने सिद्ध केलं होतं. तिची डॉक्टरेट या सिद्धतेवरच अवलंबून होती. आता कसली डॉक्टरेट आणि कसलं काय!

विभागाचा रिवाज असा, की छापायला धाडण्याआधी सिद्धता तिघांना ‘तोडायला’, म्हणजे चुका शोधायला, द्यायची. स्नेझिनाने तीन प्रती स्वतःच्या हाताने लिहून दिल्या होत्या.

“त्सोंकाने शेरे मारून परत दिली. काकांनीही. तू मात्र दोन महिने दाबून बसलास.”

“अगं, उघडलीच नाही मी! आळशी आहे, कबूल. पण चोर म्हणू नकोस बाई.”

“म्हणायची गरजच नाही. मागच्या वर्षी माझं एक छोटं काम असंच बाहेर गेलं, तेव्हापासून सावध आहे मी. माझ्या सिद्धतेला एकोणीस फरशा पुरतात. पण त्सोंकाच्या प्रतीत वीस लिहिल्या, काकांच्या एकवीस, तुझ्या बावीस. जास्तीच्या सगळ्या बिनकामाच्या. त्या हुडकून काढायच्या तर सिद्धता कळावी लागते, आणि श्तेरेव्हला ती सात जन्मांत कळायची नाही. नियतकालिकाचा अंक हातात येऊ दे, त्यातल्या फरशा मोजल्या की चोर आपोआप कळेल.”

ल्युबेनची सुरी मध्येच थांबली.

“आमच्यासाठी सापळा?” कोस्टाकाकांनी विचारलं. “वीस वर्षं एका टेबलावर चहा प्यायलो, पोरी.”

स्नेझिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती मागे हटली नाही. त्सोंका तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली.

“जाऊ दे ना गं,” ल्युबेन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “सोमवारपासून आपण सोफियाला. माझी नवी नोकरी, नवं घर. जाता जाता माणसं कशाला तोडतेस?”

बिचारा ल्युबेन! घरातली मूळ प्रत त्यानेच टाइप करून दिली होती. “मला यातलं ओ की ठो कळत नाही,” म्हणत, रविवारच्या रविवारी, दोन बोटांनी. ती प्रत घरच्या कपाटातून कधी बाहेर पडली नव्हती.

दार वाजलं. शिपायाने टपालातून आलेला अंक टेबलावर ठेवला. स्नेझिनाने पानं उलटली, एका ओळीवर बोट टेकवलं आणि ती ओळ पुन्हा वाचली.

“वीस, एकवीस की बावीस?” राडोयने विचारलं. “सांग एकदाचं.”

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. उघडा अंक तिने हळूच ल्युबेनपुढे सरकवला. त्यात स्वच्छ छापलं होतं: एकोणीस फरशा.