मोलीचं बाळंतपण

मोली मासोळीचं पोट टच्च फुगलं होतं, म्हणून मुलीने आपल्या खोलीत तिच्यासाठी वेगळी टाकी मांडायला घेतली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आलेली सावत्र आई कालपासून साठवलेल्या पाण्याची बादली घेऊन आत आली.

"मावशी, तू हात लावू नकोस. वाट लावशील सगळ्याची."

"अगं, पाणी तरी ओतू दे. आणि एवढी झाडं कशाला कोंबतेस?"

"पिल्लांना लपायला. नाहीतर आईच त्यांना खाऊन टाकते." मुलीने मान वर केली. "पण तुला काय कळणार त्यातलं? तुला कुठे मूल झालंय!"

सणसणीत उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून तिने बादली टाकीशेजारी ठेवली. "सावकाश ओत," एवढंच म्हणाली.

"शिकवू नकोस मला!" मुलीने तिला बाहेर काढून धाडकन दार लावलं.

बंद दारासमोर ती तशीच उभी राहिली. आज सकाळीच डॉक्टरांनी विचारलं होतं, मूल होण्यासाठी पुन्हा उपचार सुरू करायचे का?

"नको," तिने सांगितलं होतं. "मुलगी आहे मला."